गवताचा फुलोरा आणि माझं नाक

गणपती गेले की आमच्या घरामागचं वरकस रंग बदलायला लागतं. वरकस म्हणजे भाताच्या खाचरांच्या वरची उताराची जमीन. तिथं पाणी थांबत नाही, म्हणून आमच्या घरी तिथं गेली कित्येक वर्षं गवतच राखतात. श्रावणात ते नुसतं हिरवं असतं, गुडघ्याएवढं. मग एक दिवस त्याला तुरे येतात. आधी पोपटी, मग जांभळट, आणि ऊन आरपार जायला लागलं की रुपेरी. वाऱ्याची झुळूक आली की सगळा उतार एका बाजूला कलंडतो आणि पुन्हा उभा राहतो. कर्जतकडे बंगले बांधलेली मुंबईची माणसं रस्त्यात गाडी थांबवून त्याचे फोटो काढतात. मीही काढते, फक्त बंद खिडकीच्या काचेतून.

यंदाही तुरे आलेत. सकाळी अकरापर्यंत माझ्या खोलीच्या खिडक्या लावलेल्या असतात. तेवढा वेळ मी चहाचा कप घेऊन काचेपाशी उभी राहते. शिंक येत नाही, किंवा एखादीच येते, पाहुण्यासारखी. आणि मग मला ते वर्ष आठवतं, ज्या वर्षी मी या घरात दिवसरात्र शिंकत होते आणि का शिंकते हे कुणालाच, मलासुद्धा, माहीत नव्हतं.

माझं माहेर शिवडीचं. गोदीच्या बाजूला, ट्रकांच्या रस्त्यावर आमची खोली. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की काळं व्हायचं. त्या धुरात मी पंचवीस वर्षं काढली, पण कधी सर्दीनं शाळा बुडवल्याचं आठवत नाही. भिवपुरीजवळच्या या गावात माझं लग्न ठरलं तेव्हा चाळीतल्या सगळ्या बायका एकच म्हणाल्या, "हवा बघ कशी मिळेल तुला!" हवा मिळाली. तिच्यात काय काय असतं ते कळायला मात्र तीन पावसाळे जावे लागले.

पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. नवी नवरी मी, रवींद्रबरोबर त्या उतारावर मनसोक्त हिंडले. तुरे तोडून वेणीत खोवले. आमचा तेव्हाचा एक फोटो आहे, त्यात मी गवतात कमरेपर्यंत बुडालेली आहे आणि तोंड भरून हसते आहे. दुसऱ्या वर्षी नवरात्रात नाक चुरचुरलं, डोळे खाजले. सगळे म्हणाले, पाणी बदललंय. वर्षभर राहून झाल्यावर पाणी कसं बदलेल, हा प्रश्न मलाही पडला नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र ते आलं. सकाळी उठून मागचं दार उघडलं की नाकाच्या मुळाशी मुंगी चालल्यासारखं व्हायचं, मग टाळूला खाज सुटायची, आणि मग शिंका. एक नाही, दोन नाही, लागोपाठ. सातवी-आठवी शिंक येईपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहायला लागायचं आणि नाक म्हणजे गळका नळ. ताप नाही, अंग दुखत नाही, घसा बसत नाही. नुसतं पाणी आणि खाज. दुपारनंतर जरा कमी, सकाळी पुन्हा तेच.

आमच्या घरात शिंकेला मान आहे. घराबाहेर पडताना कुणी शिंकलं की माझे सासरे, अण्णा, चपला काढून परत आत येतात, घोटभर पाणी पितात, पाच मिनिटं बसतात आणि मगच निघतात. त्या वर्षी अण्णांचे फार हाल झाले. एकदा त्यांना कर्जतच्या बाजाराला जायचं होतं. ते उंबरठ्यावर आले, मी शिंकले. ते बसले. उठले, मी शिंकले. पुन्हा बसले. तिसऱ्यांदा त्यांनी चपला हातातच घेतल्या आणि दारात उभे राहून मला शांतपणे विचारलं, "सूनबाई, एक शिंक वाईट, हे मला ठाऊक हाय. दोन चांगल्या, असं पण म्हणतात. पण ह्या बारा-पंधराचं काय करायचं, ते आमच्या बापानं काय सांगितलेलं नाय."

मी पदर तोंडावर दाबून हसले आणि हसता हसता पुन्हा शिंकले. अण्णा त्या दिवशी बाजाराला गेलेच नाहीत.

उपाय सगळे झाले. तुळस-आल्याचा काढा झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, झोपताना तळपायाला तेल झालं. मेडिकलमधून विचारून आणलेली एक पिवळी गोळी झाली. तिनं शिंका थांबल्या, पण मी कर्जतला ज्या शाळेत शिकवते तिथं दुसरीच्या वर्गात वह्या तपासता तपासता मला डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा पहिल्या बाकावरची एक चिमुरडी माझ्या टेबलाशी उभी होती. "बाई," ती अगदी हळू म्हणाली, म्हणजे वर्गाला ऐकू जाऊ नये म्हणून, "तुमी घोरत होता." त्या दिवसापासून पिवळी गोळी बंद.

पितृपक्षात माझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मी आठ दिवस शिवडीला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की आपण सकाळपासून शिंकलेलो नाही. खिडकीखालून ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि माझं नाक आरशासारखं स्वच्छ. आठ दिवस मी गाढ झोपले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी परत आले, रिक्षातून उतरले, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि शिंकले.

सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग पिशव्या आत नेता नेता म्हणाल्या, "ऑपरेशन बापाचं आनि बरं झालं हिचं नाक."

आईंबद्दल इथं थोडं सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचं आयुष्य त्या वरकसावर गेलेलं. लावणी, कापणी, गवताचे भारे, सगळं डोक्यावरून. रवींद्र पोटात असतानासुद्धा त्यांनी विळा सोडला नव्हता. आजारपण म्हणजे ताप. ताप नसेल तर आजारपण नाही, असा त्यांचा साधा हिशेब. त्यातून सून मुंबईची, शाळेत खुर्चीवर बसणारी. गवत कापणीचे दिवस जवळ आले की हिच्या शिंका वाढतात, माहेरी गेली की थांबतात. त्यांच्या जागी मी असते तर मलाही शंका आली असती, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा नव्हते म्हणू शकत.

कारण तेव्हा एका दुपारी त्या ओट्यावर शेजारणीला सांगत होत्या, "सासरची कामं दिसली की शिंका येतात आमच्या सूनबाईला. माहेरी काय त्या वाट चुकतात का काय!" दोघी हसल्या. मी आत खिडकीखाली तांदूळ निवडत होते. हातातलं सूप तसंच राहिलं. एरवी माझे डोळे गळतच होते, त्यामुळे त्यात थोडं रडणं मिसळलं तरी कुणाला कळायचं कारण नव्हतं. मी रवींद्रला काही बोलले नाही. त्याची खोपोलीच्या कारखान्यात पाळी बदलत असायची, घरी यायचा तेव्हा तो दमलेला असायचा. पण मनात मी ठरवलं, यंदा गवत कापायला मी जाणार. बघू दे सगळ्यांना.

दसरा झाला आणि कापणी सुरू झाली. मी शाळेतून रजा घेतली. वाडीवरच्या चार बायका मजुरीला आल्या होत्या, अण्णा होते, आई होत्या, आणि मी. दव सुकलेलं, ऊन कोवळं, वारा डोंगराकडून खाली. मला विळा नीट धरता येत नव्हता, पण मी कापत होते. प्रत्येक मुठीबरोबर तुऱ्यांतून पिवळट धूर उडाल्यासारखा व्हायचा. तो सुंदर दिसतो, उन्हात. मी शिंकत होते आणि कापत होते, आणि आईंकडे बघत नव्हते.

अर्ध्या तासात डोळे सुजून बारीक झाले. ते मी सहन केलं. मग छातीवर कुणीतरी घट्ट पट्टा आवळल्यासारखं झालं. खोकला सुटला. आणि श्वास सोडताना आतून आवाज यायला लागला, बारीक शिट्टीसारखा. मी बांधावर बसले. आवाज पहिल्यांदा अण्णांनी ऐकला.

"कोन वाजवतंय गं?" त्यांनी विचारलं, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून विळा तिथंच टाकला.

गवत न्यायला टेंपो आलेला होता, तो भरायचा बाकी होता. अण्णा पुढं ड्रायव्हरपाशी बसले, मी आणि आई मागं. मी आडवी व्हायला बघत होते, पण आईंनी मला पाठीमागून धरून बसतं ठेवलं. त्यांचा हात माझ्या छातीवर होता. दहिवलीचा दवाखाना येईपर्यंत त्या एकच बोलत राहिल्या, "घे गं, घे. सोड. घे आजून." मला श्वास घ्यायला कुणी शिकवत असल्यासारखं. वाटेत मी कितीतरी वेळा शिंकले. त्या दिवशी माझ्या शिंकेवर कुणीही थांबलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एका यंत्राची नळी जोडून वाफेचा मास्क माझ्या तोंडावर लावला. वीसेक मिनिटांत तो पट्टा एकेक घर सैल होत गेला. श्वास पूर्ण आत गेला तेव्हा मला जे वाटलं ते मी शब्दांत नाही सांगू शकणार. माणूस श्वास घेतो हे तोवर माझ्या लक्षातच आलेलं नव्हतं.

"हे असं आधी कधी?" बाईंनी विचारलं.

"सर्दी असते," मी म्हणाले. "दरवर्षी."

"दरवर्षी कधी? किती दिवस? कुठं असताना?"

मला नीट सांगता येईना. गणपतीपासून, बहुतेक. बाईंनी आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि म्हणाल्या, आठवून, लिहून आणा.

आठ दिवसांनी मी निघाले तर आई लुगडं बदलून दारात उभ्या. काखेत भिंतीवरचं कॅलेंडर, सुरळी करून. मी विचारलं, हे कशाला? त्या माझ्या पुढं चालायला लागल्या.

दवाखान्यात त्यांनी ते टेबलावर पसरलं. तारखांच्या चौकोनांत कुंकवाचे टिपके होते. काही बारीक, काही मोठे, काही चौकोन कोरे. मी रोज त्या भिंतीसमोरून जात होते, पण हे टिपके सणवारांचे असतील असं समजून मी कधी विचारलंच नव्हतं.

"हे काय, मावशी?"

"हिच्या शिंका," आई खाली बघत म्हणाल्या. "लई आल्या की मोठा टिपका, कमी आल्या की बारका. मी वाचायला शिकले नाय, मंग असं करते." मग म्हणाल्या, "रवीला दाखवायला मांडल्या होत्या. बघ म्हणून, तुजी बायको कवा कवा शिंकते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाई मात्र त्या कागदावर अक्षरशः वाकल्या. "हे आठ दिवस कोरे?"

"तवा माहेरी होती. शिवडीला."

"आणि हे तीन?"

"तवा झड लागली होती. तीन दिस पाऊस उगडला नाय."

"मग पुढं मोठे मोठे."

"ऊन पडलं. वारा होता."

"आणि हा? हा तर टिळाच आहे."

"त्या दिवशी गवत कापायला घेतलं," आई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचा आवाजच बदलला. स्वतःचंच म्हणणं स्वतःला ऐकू यावं तसा. "गवत... गवतामुळं होय?"

बाई हसल्या. "मावशी, अर्धं निदान तुम्हीच करून आणलंत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. गवताला फूल येतं ते आपल्याला फूल वाटत नाही, पण त्यातून पराग उडतात, डोळ्यांना न दिसणारे, वाऱ्यावर कोसभर जाणारे. बहुतेकांना त्याचं काही नाही. काहींचं शरीर मात्र त्यांना शत्रू समजतं. एक-दोन वर्षं ओळख करून घेतं आणि मग भांडायला लागतं. म्हणून पहिल्या वर्षी काही झालं नाही. शिवडीला गवताचे उतार नाहीत, म्हणून तिथं बरं. पाऊस पराग खाली बसवतो, म्हणून झडीत बरं. आणि सर्दी चार-आठ दिवसांत जाते. दीड-दोन महिने राहणारी, खाज सुटणारी, ताप नसलेली सर्दी ही सर्दी नसते.

खात्रीसाठी पनवेलला तपासणी करायला सांगितली. त्याआधी काही दिवस बाईंनी दिलेली ॲलर्जीची गोळी बंद ठेवायची होती. त्या दिवसांत मी बंद खोलीत बसून राहिले आणि आई दाराबाहेरून चहा आत सरकवायच्या. पनवेललाही त्या आल्याच. तिथं माझ्या हातावर पेनानं खुणा करून ओळीनं थेंब टाकले आणि प्रत्येकावर बारीक टोचलं. धुळीचा थेंब, झुरळाचा थेंब, बुरशीचा, गवताचा. आणि सांगितलं, हात हलवू नका, बसून राहा. आई माझ्या हातावर नजर लावून बसल्या, चुलीवरच्या दुधाकडे बसावं तशा. बाकीचे थेंब गप्प राहिले. गवताच्या जागी मात्र आधी लाल झालं, मग गांधीलमाशी चावल्यासारखा टरटरून फुगा आला.

"दिसला," आई म्हणाल्या. "खरंच गं."

आणि मग आपला कोपरापर्यंत उघडा, उन्हानं रापलेला हात त्यांनी टेबलावर ठेवला. "माज्या पण हातावर टाका एक थेंब. एवढी वर्सं कापतेय त्याला, बघू मला काय म्हनतंय." तिथले सगळे हसले. थेंब काही टाकला नाही, पण आईंना त्याचं बरेच दिवस वाईट वाटत होतं.

घरी आल्यावर अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, "मंग नांगरून टाकू वरकस. आंबे लावू." पुढच्या खेपेला ते स्वतः डॉक्टरीणबाईंना विचारायला आले. बाई म्हणाल्या, "अण्णा, तुमचं नांगराल. माथेरानचा पायथा कोण नांगरणार? वारा तुमच्या सातबारावर थोडाच चालतो?" अण्णांना ते पटलं. गवत राहिलं. आम्हीच बदललो.

आता गणपती यायच्या सुमारास, तुरे दिसायच्या आधीच, माझा नाकातला फवारा सुरू होतो. तो मारताना आई आरशाशेजारी उभ्या राहतात. बाईंनी दाखवलेलं त्यांना माझ्यापेक्षा पक्कं पाठ आहे. "मान खाली. मधल्या पडद्यावर नको, कानाकडं रोख धर. जोरात वढू नको, घशात जातंय." जास्त वारा असेल त्या दिवशी झोप न आणणारी गोळी. छातीसाठीचा पंप शाळेच्या पिशवीत कायम. गेल्या कित्येक वर्षांत तो दोनदाच काढावा लागला. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं मी नाक धुते, ते बघून रवींद्र दर वेळी तोंड वाकडं करतो. कपडे वाळत घालायची दोरी अंगणातून पडवीत आली. बाहेरून आलं की आधी मोरी, डोक्यावरून पाणी, कपडे बदलायचे, मग चहा. हा नियम आईंनी माझ्यासाठी केला आणि मग सगळ्या घराला लावला. कापणीहून आलेले अण्णा मागच्या दारी मुकाट्यानं सदरा झटकतात. शेजारणी हसतात. हसू देत.

आणि गवत मी सोडलेलं नाही. पाऊस पडून गेलेल्या दुपारी, तुरे ओले आणि जड झालेले असतात तेव्हा, मी मास्क लावून बांधापर्यंत जाते. मातीचा वास येतो, मास्कमधूनही येतो. थोडा वेळ उभी राहते आणि परत येते. काही दिवस कितीही जपलं तरी बिघडतात. मग मी रुमाल घेऊन बसते आणि दिवस जाऊ देते.

त्या ओट्यावरच्या बोलण्याबद्दल आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. मी काढला नाही, आईंनी काढला नाही. मी समजून होते की त्या विसरल्या. मी ऐकलं होतं, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं, असंही मी समजून होते.

परवा आम्ही दोघी दहिवलीला गेलो होतो. मी मेडिकलच्या काउंटरवर उभी होते, आई बाहेर रिक्षा भरायची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. शेजारी त्यांच्याच वयाची एक बाई, आणि थोडी बाजूला तिची सून, नाकाला रुमाल लावलेली, डोळे लाल. मला ते डोळे दुरूनही ओळखता आले.

"कल्यानची हाय," ती बाई आईंना सांगत होती, सुनेला ऐकू जाईल असंच. "शेतात न्यायचं म्हनलं की हिचं हे सुरू. नुसती नाटकं."

"नाटक नाय ते," आई म्हणाल्या.

"तुमाला काय म्हाईत?"

"मला नाय तर कोनाला!" आईंचा आवाज चढला. रिक्षावाल्यानं वळून बघितलं. "माज्या सुनेला मी असंच बोलले होते. चारचौघीत. ती आत बसून ऐकत होती, आनि ती ऐकतेय हे मला म्हाईत होतं. म्हनून तर बोलले. मंग एक दिवस तिचा श्वास अडकला माज्या हातात. तसा दिवस तुमच्यावर येऊ नये बाई. आज, आत्ताच हिला डॉक्टरीनबाईकडं न्या. तो बघा दवाखाना, तितं हाय, निळ्या पाटीचा."

मी सुट्टे पैसे न घेताच वळले. दुकानदारानं हाक मारून ते दिले. त्या दोघी उठल्या होत्या. सासू पुढं, सून मागं, निळ्या पाटीच्या दिशेनं.

आईंनी मला पाहिलं. मी सगळं ऐकलंय हे त्यांना या वेळीही कळलं. त्यांनी पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि रिक्षात आधी चढल्या.

"तू मधी बस," त्या म्हणाल्या. "वारं हिकडून हाय. येऊ दे माज्या अंगावर."